बेटाचा दाखला उलटा लावू नका

मॉरिशसमध्ये तांदूळ पिकत नाही, गहू पिकत नाही, ज्वारीचं तर नावच नाही. तरीही तो देश आपल्याहून श्रीमंत आहे. मग इंदापूर तालुक्यानंच ज्वारी-बाजरीचा हट्ट कशाला धरायचा? हा युक्तिवाद मी सोसायटीच्या ओट्यावर ऐकला, भिगवणच्या बाजारात ऐकला, लग्नाच्या मांडवात ऐकला. तोंडी उत्तरं देऊन झाली. आता लेखी देते.

युक्तिवाद आमच्या गावात आणला तो दाजींनी, माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी. शेतकऱ्यांच्या एका सहलीबरोबर ते मॉरिशसला जाऊन आले. डाळज नंबर दोनच्या शिवारात त्यांचं रान, उजनीच्या फुगवट्यातून उचललेलं पाणी आणि बांधापासून बांधापर्यंत ऊस. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड, त्यांच्यात काळ्या दगडांच्या रचून ठेवलेल्या राशी, गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी, चार-पाच पिढ्यांपूर्वी आपल्याकडून गेलेली आणि अजून आरत्या म्हणणारी मराठी घरं. हे सगळं तिथे आहे. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. "ऊस विकायचा आणि खायचं विकत आणायचं. त्यांनी तेच केलं, म्हणून ते पुढं गेले," हे दाजींचं वाक्य आता तालुक्यात म्हणीसारखं फिरतं आहे. ते वाक्य चूक आहे, आणि त्याच्यावर विसंबून लोक शेवटचा अर्धा एकरही उसाखाली घालत आहेत, म्हणून ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी एक माप डोळ्यांसमोर ठेवू. मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं आहे. आपले इंदापूर आणि बारामती हे दोन तालुके मिळून त्याहून मोठे भरतात. म्हणजे तुलना अगदीच अस्थानी नाही. दाजींनी ती केली यात माझी तक्रार नाही. त्यांनी ती अर्ध्यावर सोडली, ही आहे.

ऊस त्या बेटावर कुणी आणला? डचांनी, १६३९ मध्ये, जावाहून. पुढे फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद होणार होती आणि मळ्यांवर राबायला माणसं हवी होती, म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिली तुकडी पोर्ट लुईच्या बंदरावर उतरली. पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्याच घाटाच्या पायऱ्या चढली; कोकणातली आणि देशावरची मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली. तो घाट आज आप्रवासी घाट म्हणून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. या माणसांच्या करारात मजुरीबरोबर तांदूळ आणि डाळ ठरलेली असे, आणि ती डाळ-तांदूळही जहाजानंच यायची. जमीन मळेवाल्यांची, साखर युरोपची, शिधा परदेशचा. खायचं विकत आणायचं हा बेटावरच्या खाणाऱ्यांनी केलेला हिशोब नव्हता. तो मळ्याच्या मालकाचा हिशोब होता आणि तो राबणाऱ्यांवर लादला गेला. आपल्या मराठी भाऊबंदांच्या वाट्याला जे सक्तीनं आलं ते आपण आज हौसेनं अंगावर घ्यायचं आणि त्याला प्रगती म्हणायचं, हे मला सोसत नाही.

त्या बेटाला उसाची निवड करायला एक खरं कारणही होतं, आणि तेच नेमकं दाजींच्या सांगण्यातून गळलं. मॉरिशस चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. वादळात मका झोपतो, केळी मोडते, भाजीपाला वाहून जातो. ऊस आडवा होतो, पण मुळातून बहुधा जात नाही. पुन्हा उठतो, पुन्हा फुटतो. तरीसुद्धा १९६० च्या कॅरोल वादळानं त्या वर्षीच्या उसाचं अर्ध्याहून जास्त पीक नेलंच. ज्या बेटावर दर काही वर्षांनी समुद्र अंगावर येतो त्याला ऊस सोयीचा. आपल्याकडे कोणतं वादळ आहे? आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आहे आणि पाटानं पाणी दिलं तर दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पिणारं हेच पीक आहे. तिथल्या हवेनं उसाला बोलावलं. आपल्या हवेनं ज्वारीला बोलावलं होतं. सोलापूर-मोहोळच्या पट्ट्यातली मालदांडी दव आणि जमिनीतला ओलावा यांवर उभी राहते, म्हणून ती इथली.

आता श्रीमंतीकडे येते. मॉरिशस श्रीमंत झाला यात वाद नाही. कशानं झाला, यात आहे.

१९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं (ज्याला पुढे नोबेल मिळालं) त्या बेटाचा अहवाल लिहिला आणि भविष्य फार अंधारं रंगवलं: लोकसंख्या वाढते आहे, पीक एकच आहे, काम मिळणार कुठून. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा बाहेर पाठवण्याजोगं त्याच्याकडे साखरेखेरीज जवळजवळ काही नव्हतं. मग दोन गोष्टी झाल्या. १९७० मध्ये निर्यातीसाठी कारखाने काढायला कायद्यानं सवलती दिल्या, त्यातून कापडाचा धंदा उभा राहिला. पाठोपाठ पर्यटन आलं, पुढे बँका आल्या. आणि १९७५ मध्ये युरोपीय देशांशी लोमे करार झाला. त्या करारातल्या साखरेच्या कलमानं मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दर वर्षी ठरलेल्या भावानं घ्यायची हमी दिली, आणि तो भाव बहुतेक वर्षी जगाच्या बाजारापेक्षा पुष्कळ चढा, कधी दुपटी-तिपटीचा असे. करारात सामील असलेल्या सगळ्या देशांत सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा होता.

म्हणजे उसानं जे दिलं ते बाजारानं दिलेलं नव्हतं, हमीनं दिलेलं होतं. आणि त्या हमीच्या पैशातून बेट काय करत होतं? उसाच्या बाहेर पडत होतं. ज्या कमाईनं ते पुढे गेले ती गिरण्यांची, हॉटेलांची, बँकांची कमाई आहे. 'उसावर राहून श्रीमंत झाले' हे वाक्य म्हणूनच उभं राहत नाही.

हमी सुटली तेव्हा काय झालं, तेही पाहा. युरोपनं २००६ पासून चार वर्षांत साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला. २००९ मध्ये ते कलमच संपलं. २०१७ मध्ये युरोपनं स्वतःच्या शेतकऱ्यांवरची कोट्याची मर्यादाही उठवली आणि तिथली बीटची साखर मोकळी सुटली. १९७३ मध्ये ७ लाख १८ हजार टन साखर काढणारं हे बेट आता अडीच लाख टनांच्या आसपास आलं आहे. उसाचं क्षेत्र निम्म्यावर आलं. कारखाने वीसच्या घरात होते, आज तीन चालतात. २०१९ च्या हंगामानंतर मेदिनचं गाळप थांबलं तेव्हा उरले ते तीन. छोट्या शेतकऱ्यांनी तर हजारोंनी ऊस सोडला, कारण तोडीचा आणि वाहतुकीचा खर्च निघेना. आणि मोकळ्या झालेल्या रानांत धान्य आलं का? थोडं भाजीपाल्याखाली आलं. पुष्कळसं पडीक राहिलं, आणि किनाऱ्याजवळच्या रानांवर परदेशी गिऱ्हाइकांसाठी बंगल्यांच्या वसाहती उठल्या. शंभर-दोनशे वर्षं एकच पीक घेतल्यावर दुसरं पीक घेणारे हात, बियाणं, बाजार, गोदाम यांतलं काहीच शिल्लक नसतं. पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेनं प्लॉटिंगचे खांब रोवलेले बघत मी रोज जाते. त्यामुळे हे मला परदेशातलं वाटत नाही.

खाण्याचं काय, हा सवाल दाजींनी एका वाक्यात उडवला: "पैसा असला की जहाज येतं." जहाज दर वेळी येतंच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि बेटाचा तांदूळ तुटला. सरकारला मळेवाल्यांवर सक्ती करावी लागली की उसाच्या काही जमिनीवर मका, कसावा, रताळी लावा. भात खाणाऱ्या माणसांनी ते दिवस मक्यावर आणि कसाव्यावर काढले. ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर अलीकडची सांगते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत तिथली मोठी दुकानं आणि बेकऱ्यासुद्धा काही दिवस पूर्ण बंद होत्या. त्यानंतर लोकांनी परसात वाफे केले, सरकारनं पडीक उसाची जमीन भाजीपाल्याकडे वळवण्याची भाषा सुरू केली. आणि २० जुलै २०२३ ला आपल्याच देशानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ऑगस्टअखेर मॉरिशसला खास बाब म्हणून १४ हजार टनांची परवानगी मिळाली. खास बाब म्हणजे काय? म्हणजे दिल्लीतल्या एका टेबलावर कुणीतरी ठरवलं की या बेटानं भात खावा. ज्याची भाताची हंडी दुसऱ्या देशाच्या परवानगीवर चढते त्या देशाच्या अन्नव्यवस्थेला आपण आदर्श म्हणायचं का?

तिथली डाळपुरी प्रसिद्ध आहे. दाजींनी पोर्ट लुईच्या रस्त्यावर उभं राहून खाल्ली आणि कौतुक केलं, आणि ती कौतुकाचीच आहे. आपल्या माणसांनी दूरदेशी जपलेली चव आहे ती. तिच्यातलं पीठ बाहेरच्या गव्हाचं, डाळ बाहेरची. देशाची ओळख झालेला तो घास आणि त्यातलं मुख्य धान्य त्या देशात पिकत नाही. एकंदरीत तीन-चतुर्थांशाहून जास्त अन्न ते बेट बाहेरून आणतं. कोंबडी आणि अंडी यांत ते स्वतःचं भागवतात, ताजा भाजीपालाही बराचसा घरचा आहे. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण पोट भरतं त्या धान्याच्या बाबतीत ते जहाजाकडे डोळे लावून बसतात, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला सलते. आपण ज्याचा हेवा करतो त्यातून बाहेर पडायची ते वाट शोधत आहेत.

एक तारीख मला विसरता येत नाही: ७ डिसेंबर २०२३. त्या एकाच दिवशी दिल्लीहून दोन हुकूम निघाले. एकानं उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला कारखान्यांना मनाई केली. दुसऱ्यानं कांद्याची निर्यात बंद केली. पहिल्या हुकुमानं इथेनॉलच्या भरवशावर कर्ज काढून आसवन्या वाढवलेले आपले कारखाने अडकले. ती बंदी पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर उठली. दुसऱ्या हुकुमानं आपल्या कांदा उत्पादकाचं कंबरडं मोडलं आणि मॉरिशसच्या स्वयंपाकघरात कांद्याची चणचण नेली. त्या देशाला पुन्हा खास यादीत बसवून कांदा द्यावा लागला. एकाच कागदानं इकडचं रान आणि तिकडची चूल दोन्ही हलली. मॉरिशसच्या उसाचा भाव ब्रसेल्समध्ये ठरत होता. आपल्या उसाचा दिल्लीत ठरतो. दाजी म्हणतात ऊस म्हणजे खात्री. ती खात्री कुणाच्या हातात आहे, एवढंच मला त्यांना विचारायचं आहे.

इथे मला दाजींच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यातला एक भाग इतका भक्कम आहे की ऊसविरोधी लेख लिहिणारे पुण्या-मुंबईचे लोक त्याला हातच घालत नाहीत.

२०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये ठरवला. त्याच वर्षी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. कागदावर एक टन ऊस आणि एक क्विंटल मालदांडी जवळजवळ बरोबरीत. पण एकरी ऊस चाळीस-पन्नास टन निघतो आणि ज्वारी बागायतात आठ-दहा क्विंटल. ऊस बारा ते सोळा महिने रान अडवतो आणि ज्वारी चार महिन्यांत मोकळी होते, कडबा वेगळा मिळतो, हे सगळं जमेस धरलं तरी ऊस पुढेच राहतो. आणि खरा फरक भावाच्या आकड्यात नाहीच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज लागतं, आणि थकवले तर साखर आयुक्त कारखान्याची मालमत्ता जप्त करायचा हुकूम काढू शकतात. ज्वारीच्या हमीभावामागे असं काय आहे? केंद्र उघडलं तर उघडलं, बारदान आलं तर आलं, नाहीतर व्यापारी सांगेल तो भाव. उसाची नोंद झाली की टोळी येते, तोडते, गाडी भरते, काट्यावर वजन होतं, बिल खात्यावर पडतं. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. मिळाला तर पाखरं आधी कणसावर बसून गेलेली असतात. ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे, शिकणारा मुलगा आहे, सोसायटीचं कर्ज आहे, तो शेतकरी ऊस लावतो तेव्हा तो हावरा नसतो, शहाणा असतो. 'उसावर बंदी घाला' असं म्हणणाऱ्यांनी आधी ज्वारीच्या बाजूला चौदा दिवसांचा कायदा उभा करून दाखवावा.

मग माझं दाजींशी भांडण काय आहे? हेच, की हमी आहे म्हणून ऊस आहे, हे ते मान्य करत नाहीत. ते म्हणतात ऊस मुळातच चांगला म्हणून तो टिकला. मॉरिशसनं नेमकं उलटं सिद्ध केलं आहे. तिथे हमी होती तोवर बेट हिरवंगार होतं, हमी गेली तसा ऊस मागे हटला. पीक हमीमागे चालतं. आपण हमी एकाच पिकाला दिली म्हणून शिवारात एकच पीक उरलं, आणि आता त्या पिकाला आपण निसर्गाचा कौल समजायला लागलो.

आपल्याच कालव्याला हे शतकापूर्वी कळलं होतं. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला तो दुष्काळाच्या पोटी. धान्य वाचावं म्हणून आणलेल्या पाण्यावर ऊस वाढला, रानं पाणथळ आणि चोपण व्हायला लागली. तेव्हा विसाव्या शतकाच्या तोंडाशी, पुणे भागात काम करणाऱ्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आखली. पाणी द्यायचं ते ठरलेल्या ब्लॉकला, आणि त्यातल्या साधारण एक-तृतीयांशावरच ऊस, उरलेल्यावर धान्य आणि इतर पिकं, तीही फिरती. त्या अभियंत्याला ऊस वाईट वाटत नव्हता. पाणी सगळ्यांना पुरवायचं आणि जमीन नासू द्यायची नाही, एवढंच त्याला हवं होतं. ती शिस्त टिकली असती तर बारामती-इंदापुरातली चोपण झालेली कित्येक एकर रानं आज वाचली असती. आज राज्यात उसाखाली एकूण पीकक्षेत्राचे चार-पाच टक्के आणि सिंचनाच्या पाण्याचे सुमारे सत्तर टक्के, हा कृषिमूल्य आयोगानं मांडलेला हिशोब सगळेच सांगतात. विश्वेश्वरय्यांची एक-तृतीयांशाची रेघ मात्र कुणी सांगत नाही, आणि ती आपल्याच कालव्यांसाठी ओढलेली होती.

उजनीचं तर आमच्या डोळ्यांदेखत घडलं. ११७ टीएमसीचं धरण. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा. १९८० च्या सुमारास फुगवटा डाळज-पळसदेवपर्यंत आला, भीमेकाठची काळी रानं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. आमच्या सासरच्या घरानंही रान दिलं. त्या बदल्यात पाणी मिळालं, मोटारी बसल्या, ऊस आला, घरं पक्की झाली. हे मी विसरत नाही आणि कुणी विसरावं असं म्हणतही नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. मोटारी गाळात ओढत न्याव्या लागल्या, चाऱ्या खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावं लागलं, पाइपाला पाइप जोडून काहींनी पुन्हा कर्ज काढलं. दाजींचा खोडवा त्या वर्षी वाळला. वाळलेल्या उसाला हमीभाव नसतो. हमी तोडलेल्या टनाला असते.

त्याच उन्हाळ्यात पाणी हटलं तिथे गाळपेर झाली. उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोकांनी मका, कडवळ, कलिंगड, भाजी टाकली. ना पाट, ना मोटार. गाळपेरीवर जगलेली जनावरं मी पाहिली आहेत, त्यांत दाजींच्याही दोन म्हशी होत्या. एकाच वर्षी एकाच शिवारात ऊस वाळला आणि चारा उगवला. यातून दाजींनी काहीच धडा घेतला नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो बोलून दाखवलेला नाही, इतकंच.

कुणी म्हणेल, भारत म्हणजे काही बेट नव्हे. पंजाबचा गहू आहे, रेशन आहे, २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, इंदापूरनं एक दाणा पिकवला नाही तरी कुणी उपाशी राहणार नाही. बरोबर आहे. मी दुष्काळाची भीती घालत नाही. पण रेशनवरचा तो गहू-तांदूळ तरी कुठून येतो? पंजाब-हरियाणात सरकार हमीभावानं प्रत्यक्ष खरेदी करतं म्हणून तो पिकतो. तिथेही पाणी खोल गेलं, तिथेही दोनच पिकं उरली. म्हणजे देशातला एक भाग हमीवर भात पिकवून पाणी संपवतो, दुसरा हमीवर ऊस पिकवून, आणि भाकरीच्या ज्वारीला दोन्हीकडे जागा नाही. बहात्तरच्या दुष्काळात याच भागात रेशनवरची लाल मिलो रांगेत उभं राहून आणली जायची. माझ्या आईला ती भाकरी आठवली की आजही तिचा चेहरा बदलतो. मालदांडीच्या मुलखानं परदेशी मिलो खाल्ली, ही घटना पन्नास वर्षांपूर्वीची आहे. इतक्यात ती पुसून टाकायची?

मॉरिशसकडून घ्यायचंच असेल तर त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे उसाच्या दोन ओळींत बटाटा लावायची पद्धत बसवली गेली. ऊस लहान असताना मधली जागा मोकळी असते. त्या तीन-चार महिन्यांत बटाटा निघतो, आणि बेटाची बटाट्याची गरज एके काळी मोठ्या प्रमाणात त्यातून भागली. आपल्याला हे नवं नाही. आडसालीत भुईमूग, पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा, कोबी, बटाटा हे आपल्याकडचे जुने शेतकरी करत होते आणि पट्टा पद्धतीत तर ते अधिकच सोपं आहे. तणनाशक आलं, मजूर गेले, कारखान्याचा माणूस फक्त उसाची नोंद विचारू लागला, आणि आंतरपीक गेलं. ज्वारी उसात येत नाही. तिला स्वतःचं रान लागतं. खोडवा मोडल्यावर पुन्हा लगेच लागण न करता एक रब्बी मालदांडीला दिली तर जमिनीलाही विसावा मिळतो. पण हे उपदेशानं होणार नाही. हमीनं होईल.

हमी कोण देईल? सरकारकडे बोट दाखवून मी थांबत नाही. या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे पाच सहकारी कारखाने आहेत. शेटफळगढ्याचा खाजगी वेगळा. अख्ख्या मॉरिशसमध्ये तीन उरले आणि आपल्याकडे सहा आहेत. काटा त्यांच्याकडे आहे, गोदामं त्यांच्याकडे आहेत, गट कार्यालयं गावोगाव आहेत, प्रत्येक सभासदाचं खातं आणि सात-बारा त्यांच्या संगणकात आहे, बेणं आणि खत उधारीवर देऊन बिलातून कापायची पद्धत सत्तर वर्षांची मुरलेली आहे. माळेगावलाच अजैविक ताणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे. हीच सगळी यंत्रणा हरभऱ्याचं बी उधारीवर का देऊ शकत नाही? सभासदाची पंचवीस-तीस क्विंटल ज्वारी हमीभावानं त्याच काट्यावर मोजून का घेऊ शकत नाही? गाळप हंगाम आणि ज्वारीची काढणी जवळजवळ एकाच वेळी येते, तेव्हा ताण पडेल, हे मला कळतं. सुरुवात प्रत्येक सभासदाच्या एका एकरापासून करता येईल.

सहकारी कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावी लागते. मी सभासद आहे. ठराव लिहून ठेवला आहे: ज्या सभासदानं नोंदीच्या उसाबरोबर एक एकर रब्बी ज्वारी किंवा उसात आंतरपीक घेतलं, त्याचा माल कारखान्यानं हमीभावानं काट्यावर घ्यावा आणि पैसे उसासारखेच चौदा दिवसांत द्यावेत. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. दाजी, तिथे तुमची सही हवी आहे.